फाइल-समाप्तिचिन्ह
फाइल-समाप्तिचिन्ह : संगणकाच्या फाइलमधील मजकूर कोठे संपतो, हे दर्शविण्यासाठी त्याच्या अखेरीस ठेवलेला विशिष्ट वर्ण. सर्व संगणक प्रणालींत असा वर्ण वापरीत नाहीत. त्यामुळे एका प्रणालीतून दुसरीत फाइल नेताना तो अनावश्यक ठरतो व प्रसंगी माहितीच्या नाशासही कारण होतो.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या सीपी/एम प्रणालीत फाइलची लांबी १२८ बाइटांच्या नोंदींत मोजली जाई. ३०० बाइटांच्या मजकुरास अशा तीन नोंदी, म्हणजे ३८४ बाइट, लागत व ८४ बाइट उरत. मजकुराचा शेवट कळावा म्हणून त्यापुढे आस्की संकेतातील २६ क्रमांकाचा वर्ण (कंट्रोल-झेड) लिहीत. एमएस-डॉस प्रणालीत (१९८१) फाइलची नेमकी लांबी बाइटांत नोंदली जात असे. तरीही जुन्या आज्ञावलींशी मेळ राहावा म्हणून ही प्रथा टिकली. युनिक्स प्रणालीत मात्र फाइलमध्ये असे चिन्ह नसते. तेथील कंट्रोल-डी केवळ टर्मिनलवरून दिली जाणारी माहिती संपल्याचे सुचविते.

वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या एक्समोडेम (१९७७) या प्रेषणपद्धतीतही माहिती १२८ बाइटांच्या गटांनी पाठवितात व अपुरा राहिलेला अखेरचा गट सामान्यतः याच वर्णाने भरून काढतात. मूळ लांबी कळविली जात नसल्याने हे भरीचे वर्ण ग्राहक संगणकावरील फाइलमध्ये तसेच राहतात.

मजकुराच्या फाइलमधून अखेरचे सलग २६ क्रमांकाचे वर्ण काढून टाकणे हा यावरील सोपा उपाय होय. आज्ञावली, चित्रे यांसारख्या द्विमान फाइलींत मात्र २६ हे मूल्य माहितीचाच भाग असू शकते. तेथे भरीचे वर्ण व मूळ माहिती यांतील भेद केवळ फाइल पाहून ओळखता येत नाही. एमएस-डॉसमध्ये अशा फाइली मजकूर समजून जोडल्यास पहिल्याच २६ पाशी वाचन थांबते व पुढील भाग गळतो. यासाठी तेथील कॉपी या आज्ञेस ‘/बी’ हा पर्याय जोडावा लागे. नंतरच्या वायमोडेम पद्धतीत फाइलचे नाव व लांबी आरंभीच्या गटात पाठविण्याची सोय झाली. त्यामुळे ग्राहक संगणकास अधिक आलेले बाइट निश्चितपणे वगळता येऊ लागले.

या वर्णाचा हेतुपुरस्सर उपयोगही केलेला आढळतो. पीएनजी चित्रप्रकाराच्या (१९९६) आरंभीच्या आठ बाइटांत २६ चा समावेश असल्याने, अशी फाइल एमएस-डॉसमध्ये मजकूर म्हणून पडद्यावर दाखविल्यास प्रदर्शन तेथेच थांबते. समाप्तीची खूण माहितीतच मिसळल्यास संदिग्धता उद्भवते. म्हणून फाइलची लांबी माहितीपासून अलग नोंदविणे अधिक सुरक्षित असते.