साठ फूट

तो व्हिडिओ मी अनेकदा पाहिला आहे. विमानतळावरच्या एका कॅमेऱ्याचे हे रात्रीचे चित्रण. अंधार आणि दिव्यांचे ठिपके, बाकी काही नाही. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, विमाने रांगेने उभी आहेत. आकाशातून एक दिवा त्यांच्याच दिशेने उतरत येतो आहे. मग रांगेतल्या एका विमानाचे पुढचे दिवे एकदम पेटतात आणि जमीन उजळून निघते. वरचे विमान त्या उजेडावरून सरकत जाते आणि पुन्हा वर उचलले जाते.

७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को. रात्रीचे बारा वाजायला चार मिनिटे होती. टोरांटोहून आलेले एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे उड्डाण, एअरबस ए-३२०, आत १३५ प्रवासी आणि ५ कर्मचारी. उतरायचे होते २८ उजवी या धावपट्टीवर. विमान निघाले होते तिच्या शेजारच्या ‘सी’ टॅक्सीवेकडे. तिथे उड्डाणाची वाट पाहत चार विमाने थांबली होती. सिंगापूर, मनिला, सिडनी आणि ऑर्लँडो अशा लांबच्या मुक्कामांची, माणसांनी आणि इंधनाने भरलेली.

धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे असतात, टॅक्सीवेच्या मधोमध हिरवे. अनुभवी वैमानिकांची अशी गफलत कशी होते? याचे उत्तर मला या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटते. सॅन फ्रान्सिस्कोला २८ डावी आणि २८ उजवी अशा दोन समांतर धावपट्ट्या आहेत. त्या रात्री डावी कामासाठी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांच्या मनात मात्र नेहमीच्या दोन उजळलेल्या पट्ट्या होत्या. त्यांना दोन दिसल्याही. डावीकडे होती ती खरी २८ उजवी. तिला त्यांनी डावी धरले, आणि मग तिच्या उजवीकडचा टॅक्सीवे आपोआप ‘उजवी धावपट्टी’ झाला. मनाने हिशेब आधीच मांडला होता, डोळ्यांनी फक्त रकाने भरले.

तरीही शंका आली. पट्टीवर दिवे दिसताहेत, उतरायची परवानगी पक्की आहे ना, असे त्यांनी रेडिओवर विचारले. टॉवरमधल्या कंट्रोलरने सांगितले, २८ उजवीवर तुमच्याशिवाय कोणी नाही. हे उत्तर शंभर टक्के खरे होते. प्रश्नही प्रामाणिक होता. प्रश्न एका पट्टीबद्दल होता आणि उत्तर दुसरीबद्दल. त्या वेळी टॉवरमध्ये सगळ्या जागांचे काम एकच कंट्रोलर पाहत होता.

रांगेतल्या पहिल्या, युनायटेडच्या विमानातून कोणीतरी रेडिओवर बोलले, हा कुठे चाललाय, हा तर टॅक्सीवेवर आहे. दुसऱ्या क्रमांकावरच्या फिलिपाइन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी आपले दिवे पेटवले. व्हिडिओत दिसतो तो उजेड हाच. ए-३२० पहिल्या विमानावरून साधारण १०० फुटांवरून गेले आणि दुसऱ्याच्या आसपास अवघ्या ६० फुटांपर्यंत खाली आले. ते दुसरे विमान ए-३४० होते, त्याच्या शेपटीचे टोकच जमिनीपासून सुमारे ५५ फूट उंच असते. कंट्रोलरने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असे म्हणेपर्यंत वैमानिकांनी आपणहून इंजिनांचा जोर वाढवला होता. शेवटच्या काही सेकंदांत त्यांच्या डोळ्यांनी मनाचा हिशेब नाकारला, म्हणून शेकडो माणसे वाचली.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, २०१८ साली अहवाल दिला. एकही ओरखडा न उठलेल्या घटनेची चौकशी एखाद्या मोठ्या अपघातासारखी झाली, याचे मला अप्रूप आहे. डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना मिळालेली होती. २७ पानांच्या कागदांत ती आठव्या पानावर होती. धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहोत की नाही हे दाखवणारी आयएलएसची फ्रिक्वेन्सी लावायची राहून गेली होती. कॅप्टन १९ तासांहून अधिक काळ जागे होते. यातले प्रत्येक कारण एकेकटे किरकोळ आहे. आपल्यापैकी कोण थकलेल्या डोळ्यांनी सत्तावीस पाने अक्षर न् अक्षर वाचतो?

अशी चूक मुंबईच्याही इतिहासात आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझच्या विमानतळावर यायचे ते जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरले आणि ती संपल्यावर पुढे गेले. जीव कोणाचा गेला नाही, विमान मात्र निकामी झाले.

८ जून २०२४ रोजी मुंबईत घडले ते वेगळ्या जातीचे. मुख्य धावपट्टीवरून तिरुअनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान अजून जमिनीवर धावत होते आणि त्याच पट्टीवर मागून इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान टेकले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच सगळा भार पडतो. उतरणारे आणि उडणारे यांच्यामधली फट तिथे सेकंदांत मोजावी लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, डीजीसीएने, चौकशी सुरू केली, संबंधित कंट्रोलरला कामावरून बाजूला केले गेले. बातमी दोन-तीन दिवस चालली. माझी खंत इथे आहे. एका माणसाला दूर केल्याचे आपल्याला कळते, पण त्या सकाळी त्याच्यासमोर पडद्यावर काय होते, किती विमाने त्याच्या कानात बोलत होती, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या तपशिलाने सामान्य वाचकापर्यंत पोचत नाही.

न शिकण्याची किंमत आपण मोजलेली आहे. १२ नोव्हेंबर १९९६, दिवाळीचे दिवस. दिल्लीहून वर चढणारे सौदियाचे जंबो आणि दिल्लीकडे उतरणारे कझाकस्तानचे विमान चरखी दादरीच्या आकाशात आदळले. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. समोरून विमान येत असल्याचा इशारा देणारे यंत्र आपल्या आकाशात सक्तीचे झाले ते त्यानंतर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकशीतही एक जागा रिकामी राहिली. प्रकरणाचे गांभीर्य वरिष्ठांना उमगेपर्यंत ते ए-३२० पुढच्या फेऱ्यांवर गेले होते. कॉकपिटमधला आवाज टिपणारे यंत्र शेवटचे दोनच तास साठवत असे, त्यावर नवे बोलणे चढले. अमेरिकेच्या २०२४ च्या कायद्याने आता ही मुदत २५ तासांची केली आहे. पण त्या रात्री दिवे पाहून दोघे वैमानिक एकमेकांशी पहिल्यांदा काय बोलले, ते शब्द पुसले गेले.