ओलांडू नका, वाका!

मंचर, घोडेगाव, डिंभे... पावसाळ्यात या रस्त्याने भीमाशंकरला तुम्हीही गेला असालच. धुकं, धबधबा, नशिबात असेल तर शेकरू आणि परतताना दोन-चार रील्स. पण वाटेत आडवा पडलेला तो कुजका ओंडका? त्यावरून टांग टाकून पुढे गेलात ना? पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा.

ओंडक्याच्या कुशीला भिंतीत ठोकलेल्या फळ्यांसारखं काहीतरी उगवलेलं दिसेल. ही अळंबीचीच चुलत भावंडं. फोन खाली धरून फोटो काढा. छत्रीखाली असतात तशा पापुद्र्यांऐवजी बहुतेकांना बारीक छिद्रं दिसतील. बीजाणू तिथूनच बाहेर पडतात. पातळ, पट्ट्यापट्ट्यांचा पंखा असेल तर बहुधा ट्रॅमेटिस. वरून वॉर्निश मारल्यासारखी चमक असेल तर गॅनोडर्मा. खाली मधाच्या पोळ्यासारखी जाळी? हेक्सागोनिया. आणि टकटक केल्यावर लाकडासारखी वाजणारी फेलिनस तर थरावर थर चढवत वर्षानुवर्षं जगते. फणसाच्या झाडावरची अशी कडक बुरशी जुन्या लोकांना ‘फणसांबा’ म्हणून ठाऊक होती. ती उगाळून औषधाला वापरत. तुम्ही मात्र प्रयोग करू नका!

या मंडळींचं काम मोठं आहे. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन पचवणं फार थोड्या जिवांना जमतं, आणि त्यात या बुरश्या आघाडीवर. त्यांनी लाकूड मोकळं केलं की त्याची माती होते, त्यातून नवं रोप उठतं. त्यांनी मऊ केलेल्या वठलेल्या खोडात तांबट आणि सुतार पक्षी ढोली कोरतात. पावसाळी रात्री भीमाशंकरचं जंगल चमकतं, तो उजेडही कुजत्या लाकडावरच्या बुरशीचाच.

म्हणून ओंडका जागेवर राहायला हवा. अनेक देवरायांत पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, असा दंडक होता. आहुप्याच्या देवराईत गेलात तर हे आठवा. आपण मात्र शेकोटीसाठी तोच ओंडका ओढतो, नाहीतर ‘साफसफाई’ म्हणून उचलतो. एका रात्रीची ऊब होते, पण कित्येक वर्षांची माती जाते.

भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे, तेव्हा तोडून काही आणू नका. गोडी लागलीच, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे, हे लक्षात ठेवा. सुरुवात मात्र सोपी आहे. ओंडका दिसला की वाका!