मुंबईच्या पैशावरची शाळा

मालवणच्या शिक्षणात मुंबईच्या बाजारातला पैसा फार आधीपासून मुरला आहे. वालावलच्या अनंत शिवाजी देसाईंनी मुंबईत टोप्यांच्या धंद्यात नाव कमावलं आणि ‘टोपीवाला’ हे नाव मालवणच्या हायस्कूलला लागलं. मुंबईत 1921 साली निघालेल्या नॅशनल मेडिकल कॉलेजलाही पुढे याच घराण्याच्या देणगीमुळे ते नाव जोडलं गेलं. मालवणातल्या भंडारी समाजाने आपली स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली. माडावर चढणाऱ्याच्या पोराला हायस्कूल मिळालं, ही साधी गोष्ट नव्हती.

त्याही खालच्या पायरीवरच्यांसाठी 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या. बोले भंडारीच. ठराव झाला म्हणून गावच्या शाळेत सगळी मुलं लगेच एका बाकावर बसली असं मात्र नाही.

पुढे मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली, 1959 मध्ये ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीची, फीमाफी आली. दोन्हींनी मिळून एक अख्खी पिढी मॅट्रिकपर्यंत नेली. रत्नागिरीतून फुटून 1 मे 1981 रोजी मालवणसह सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला आणि त्याला नऊ महिनेही झाले नव्हते, तोच 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरी आटल्या. तरी शाळा सुटल्या नाहीत, याचं श्रेय मी घराघरांतल्या बायकांना देईन. त्यांच्याच वाट्याला मात्र कमी आलं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 85.56 टक्के, पुरुषांची 91.58, बायकांची 79.81.

2012 पासून कोकण बोर्ड वेगळं झालं आणि दहावीत बहुतेक वर्षी राज्यात पहिलं येतं. पण शिकलेलं पोर मुंबई-पुण्याला जातं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या एकोणीस हजारांनी घटली. मग वाडीवरच्या शाळेचा पट घटला तर नवल काय? सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यात यायला 2021-22 उजाडलं. तिथल्या जागेसाठी नीट परीक्षा द्यावी लागते आणि नीटसाठी क्लास. त्या क्लासची फी रापण ओढणाऱ्या मच्छीमाराच्या घराला झेपत नाही. दहावीच्या निकालाचे सत्कार पुरे झाले. खरा खर्च अकरावी-बारावीच्या त्या दोन वर्षांत, वसतिगृहांवर आणि शिकवणीवर व्हायला हवा.