काटकसर कोणाच्या ताटातून?

महागाई वाढली की काटकसरीचा उपदेश सुरू होतो, आणि उपदेश सुरू झाला की त्याची पहिली कुऱ्हाड स्वयंपाकघरावर पडते, हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा फार जुना परिपाठ आहे. महिन्याच्या वीस तारखेनंतर 'खर्च जरा आवरायला हवा' असे कुटुंबप्रमुख म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातील खर्च म्हणजे बहुधा दूध, भाजी, तेल आणि घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार असतो. ज्या हातात नव्या मोबाइल फोनचा नववा हप्ता खेळत असतो, त्याच हाताने किराण्याच्या यादीतील तूप आणि बदाम खोडले जातात. काटकसर हवी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ती कोणाच्या ताटातून आणि कोणाच्या संमतीने करायची, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक साधे निरीक्षण मांडले होते. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढते, तसतसा त्यातील अन्नावर खर्च होणारा वाटा घटत जातो, असा त्याचा आशय होता. आपल्या देशातही हेच घडले आहे. केंद्र सरकारच्या उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४८ टक्के खर्च अन्नावर होत असे. २०२३-२४ मध्ये तो ४० टक्क्यांच्या किंचित खाली आला. ग्रामीण भागात तो ५९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर उतरला. या अन्नखर्चाच्या पोटात शिरले तर आणखी एक गोष्ट दिसते. शहरांत धान्याचा वाटा एकूण खर्चाच्या ४ टक्क्यांहूनही कमी आहे, भाजीचा ४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि शीतपेये, फरसाण, बिस्किटे, बाहेरून मागवलेले जेवण या सदराचा ११ टक्क्यांच्या घरात गेला आहे. म्हणजे ज्या भाजीवालीशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, तिच्याकडे आपल्या खर्चाचा पंचविसावा हिस्सा जेमतेम जातो. उरलेल्या मोठ्या हिश्शाशी हुज्जत घालण्याची सोयच नसते.

आकडे रूक्ष वाटत असतील तर एक घरगुती हिशेब करून पाहावा. समजा, एका कुटुंबात दूध आणि भाजी यांवर महिन्याला सात हजार रुपये लागतात. त्यात एक दशांश कपात केली तर सातशे रुपये वाचतील, आणि ती कपात मुलांच्या पेल्यात व आईच्या ताटात दिसेल. त्याच घरात तीस-तीस हजारांचे दोन फोन दर दोन वर्षांनी बदलले जात असतील, तर त्यांचा महिन्याचा बोजा अडीच हजार रुपये होतो. तेच फोन चार वर्षे वापरले तर साडेबाराशे रुपये वाचतात आणि दुधाच्या पिशवीला हातही लावावा लागत नाही. हे गणित चौथीच्या मुलाला सुटेल. मग ते घराघरांत सुटत का नाही?

त्याचे कारण गणितात नाही, सोयीत आहे. स्वयंपाकघरातील खर्च रोज होतो, डोळ्यांसमोर होतो, आणि तो करणारी व्यक्ती हाताशी असते. तिला जाब विचारता येतो. हप्त्याचा खर्च महिन्यातून एकदा बँकेच्या खात्यातून परस्पर वळता होतो आणि त्याला चेहरा नसतो. २०१६ पासून आलेल्या यूपीआयच्या व्यवस्थेने व्यवहार सुकर केले, हे मान्यच करावे लागेल. परंतु नोटा मोजून देताना मनाला जी एक बारीकशी टोचणी लागत असे, तीही त्या व्यवस्थेने नाहीशी केली. पूर्वी पाकीट रिकामे झाले की बाजारातून परतावे लागे. आता पाकीट नावाची वस्तू केवळ ओळखपत्रे ठेवण्यापुरती उरली आहे.

'बिनव्याजी हप्ते' हे तर या युगाचे खास अपत्य. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, अशा आशयाची स्पष्ट तंबी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना दिली होती. व्याजाची रक्कम प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकाकडूनच वसूल होते, हे तिने दाखवून दिले होते. त्यानंतर पाटी बदलली, दुकान चालूच आहे. रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत हप्त्याने घेतल्यास मिळत नाही, एवढे पाहिले तरी व्याज कोठे दडले आहे ते कळते. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलणाऱ्यांना तर दरमहा साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज पडू शकते. असा दर गावातील सावकाराने लावला असता तर त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाला असता.

येथे जुन्या पिढीतील काही वाचक मान डोलावतील आणि आपल्या काळी किती साधेपणा होता, हे सांगू लागतील. त्यांचा आदर राखूनही असे म्हणावे लागते, की त्या साधेपणात निवडीचा भाग थोडा आणि नाइलाजाचा भाग मोठा होता. स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे, दूरध्वनीचे तेच. दुकानात नसलेल्या वस्तूचा मोह टाळण्याला संयम म्हणणे हे थोडे अतिशयोक्तीचे आहे. शिवाय सरकारनेही त्या वेळी पगारदारांचा संयम त्यांच्यावरच सोपवला नव्हता. जुलै १९७४ मध्ये वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्यातील निम्मी रक्कम आणि पगारवाढीची सगळी रक्कम सक्तीने ठेव म्हणून कापून घेतली गेली. चलनवाढ रोखण्यासाठी काटकसर हवी होती. ती साठेबाजाकडून वसूल करणे कठीण होते, आणि कारकून व शिक्षक यांचे पगारपत्रक मात्र सरकारच्या टेबलावरच होते. घरातल्या स्वयंपाकघराला जो न्याय लावला जातो, तोच येथे पगारदारांना लावला गेला. काटकसर तिची गरज असलेल्याकडून मागितली जात नाही. जो हाताशी सापडतो त्याच्याकडून ती मागितली जाते.

हा न्याय त्याहूनही जुना आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दख्खनचे दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकरी लग्नकार्यात उधळेपणा करतो म्हणून कर्जात बुडतो, हे मत सरकारदरबारी रूढ होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. सारा, व्याज आणि कोसळलेले कापसाचे भाव यांच्याकडे पाहण्यापेक्षा रयतेच्या मांडवाकडे बोट दाखवणे सोपे होते. याचा अर्थ मांडवाचा खर्च योग्य होता असा नव्हे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतर साध्या, कमी खर्चाच्या विवाहांचा पुरस्कार केला. गाडगे महाराजांनी कर्ज काढून सण साजरे करू नका म्हणून गावोगावी कीर्तने केली. परंतु त्यांच्या सांगण्यात आणि सरकारी उपदेशात एक फरक होता. जनतेचे पैसे जनतेच्या मुलांच्या शिक्षणाकडे वळावेत, अशी त्या दोघांची तळमळ होती. आजच्या मध्यमवर्गाच्या हळदी, संगीत आणि 'प्री-वेडिंग' छायाचित्रणाला मात्र आयोगाची ती सबब लागू पडणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

घरातील काटकसर बाईने करायची, ही समजूत इतकी मुरलेली आहे, की तिने ती कशी केली याचा तपशील आपण कधी नोंदलाच नाही. शेवटी जेवायला बसणे, उरलेले संपवणे, स्वतःचे औषध पुढच्या महिन्यावर ढकलणे, या गोष्टी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशभरातील घरांत डाळीच्या डब्यांतून आणि साड्यांच्या घड्यांतून दडवलेल्या नोटा बाहेर आल्या. त्या वेळी या प्रकाराचे विनोद झाले. वर्षानुवर्षे घर चालवणाऱ्या बाईला आपल्याच घरात गुप्त तिजोरी का बाळगावी लागली, असा प्रश्न त्या विनोदांत कोणी विचारला नाही. ज्या घरात हिशेबाची वही दोघांची असते, तेथे डाळीचा डबा डाळीसाठीच लागतो.

या बायकांनीच एकदा काटकसरीची दिशा फिरवून दाखवली होती. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार महिला समिती उभी राहिली आणि लाटणी हातात घेऊन बायका रस्त्यावर आल्या. ताटात आणखी कपात करण्याऐवजी भावाचा जाब विचारायचा, हा त्यामागील साधा विचार होता. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तोच विचार विधायक मार्गाने पुढे नेला. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन आपली महिन्याची मागणी नोंदवायची, माल घाऊक खरेदी करायचा आणि वस्तीतच वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. त्यात बचत झाली ती मधल्या हातांच्या नफ्यातून. वाटी लहान करावी लागली नाही. यादी आधी करावी लागत असल्यामुळे नको ती खरेदी टळली, हा वरचा लाभ. आज भ्रमणध्वनीवर दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांनी यादी करण्याची ही सवयच मोडीत काढली आहे. कोथिंबिरीची जुडी मागवताना तिच्यासोबत तीन अनावश्यक वस्तू येतात, आणि आपण वेळ वाचवला या समाधानात त्या खपूनही जातात.

हे सर्व लिहिताना ज्यांच्याकडे कापण्यासारखे काही नाही, त्यांना या उपदेशातून वगळणे आवश्यक आहे. राज्यातील प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले. तीन वर्षे या रकमेवर परगावी खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाला काटकसर शिकवणे हा उद्धटपणा ठरेल. तथापि नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी सेवेत आलेल्या आणि आज स्थिरस्थावर झालेल्या कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या वडिलांना निवृत्तिवेतनाची जी शाश्वती होती, ती त्यांना सेवेत येताना मिळाली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर झालेला संप याच अस्वस्थतेतून झाला. सरकारने त्यानंतर काही पर्याय पुढे केले. पण खासगी संस्थांत आणि विनाअनुदानित शाळांत काम करणाऱ्यांपुढे तेवढेही नाहीत. अशा वेळी देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे अनेक दशकांतील नीचांकी पातळीवर आली, ही चिंतेची बाब आहे. कर्जे वाढली, हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

सर्वांनीच हात आखडले तर कारखाने कसे चालायचे, अशी शंका एखादा अर्थशास्त्राचा विद्यार्थी काढील, आणि ती गैरवाजवी नाही. केन्सने जानेवारी १९३१ मध्ये ब्रिटनमधील गृहिणींना नभोवाणीवरून खरेदीला बाहेर पडण्याचे आवाहन केले होते. परंतु मंदीत लाखो बेकार झालेल्या देशाला दिलेला तो सल्ला होता. साठ हजार रुपये पगारावर पंचवीस हजारांचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाला त्याने तोच सल्ला दिला असता असे वाटत नाही.

तेव्हा ज्यांना या महिन्यापासून खर्च आवरायचा असेल, त्यांनी किराण्याची यादी तूर्त बाजूला ठेवावी. बँकेचे गेल्या तीन महिन्यांचे खातेउतारे काढावेत, आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांवर तांबड्या पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि तो कागद पती, पत्नी व कळत्या वयाची मुले यांच्यासमोर एकत्र ठेवावा. क्लासची फी, वाहनाचा हप्ता, कोणी पाहत नसलेल्या चित्रपटवाहिन्यांची वर्गणी, सगळे त्यात येईल. बहुतेक घरांत पहिल्याच संध्याकाळी वाद होईल आणि तो बहुधा वडिलांच्या हप्त्यांवरून होईल. दुधाची पिशवी त्या संध्याकाळी चर्चेला येण्याचा संभव कमी आहे.