न दिसणारी उणीव
(नेत्रविचार : लेखांक सहावा)

मोतीबिंदूचे विवेचन मागील लेखांकात पुरे झाले. त्या रोगाची एक सोय अशी की तो आपण होऊन वर्दी देतो. नजर धुरकटते, पोथीतली अक्षरे विरू लागतात, घरातल्या लेकी-सुनांच्याही ते ध्यानात येते, आणि म्हणूनच देवळी तालुक्यातल्या एखाद्या आडवळणाच्या गावी नेत्रशिबिराची वार्ता पोहोचली की कपाशीची वेचणी बाजूस ठेवूनही म्हातारी माणसे रांगेत येऊन बसतात. 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने आणि सेवाग्रामसारख्या संस्थांनी या भागात जे कार्य केले, त्याने मोतीबिंदूची भीती पुष्कळच ओसरली आहे. परंतु दृष्टीचा एक ऱ्हास असा आहे की ज्याच्याविषयी रोग्याची तक्रार येईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर ओढवून घेणेच होय. कारण जे दिसेनासे झाले आहे ते दिसेनासे झाले आहे, हेच त्याला उमगत नाही.

हे विधान विचित्र वाटेल, म्हणून वाचकांनी प्रथम एक प्रयोग करून पाहावा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक लहानशी फुली काढावी आणि तिच्यापासून आठ सेंटिमीटर अंतरावर, उजवीकडे, तुरीच्या दाण्याएवढा भरीव काळा ठिपका द्यावा. डावा डोळा तळहाताने झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक पाहत कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणावा. सुमारे तीस सेंटिमीटरांवर येताच ठिपका नाहीसा होतो, आणि कागद आणखी जवळ आणला की पुन्हा प्रकटतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ठिपका जातो ही नव्हे, तर त्याच्या जागी काय उरते ही आहे. तेथे भोक पडत नाही, काळोख दिसत नाही. केवळ कोरा कागद दिसतो. आखीव कागद घेतला तर ठिपक्याच्या जागेवरून रेघा अखंड गेलेल्या भासतात.

या अंधबिंदूचा शोध एदम मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात लावला आणि 1668 साली तो प्रसिद्ध केला. दृष्टिपटलावरील सुमारे दहा-बारा लक्ष चेतातंतू एकत्र गुंफले जाऊन दृक्‌चेतेच्या रूपाने ज्या ठिकाणी डोळ्याबाहेर पडतात, त्या जागी प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशीच नसतात. ही जागा जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची असली, तरी बाहेरच्या दृश्यात ती नजरेच्या केंद्रापासून सुमारे पंधरा अंश कानाच्या बाजूस, साडेपाच अंश रुंद आणि साडेसात अंश उंच एवढा प्रदेश व्यापते. मारियॉतने यावरून काढलेला निष्कर्ष मात्र विलक्षण होता. दृष्टिपटल जेथे दृक्‌चेतेशी जोडलेले आहे तेथेच जर दिसत नसेल, तर पाहण्याचे काम दृष्टिपटलाचे नसून त्यामागील रक्तवाहिन्यांच्या आवरणाचे असले पाहिजे, असे त्याने प्रतिपादन केले, आणि त्यावरून समकालीन विद्वानांशी त्याचा वाद झाला. निरीक्षण निर्दोष आणि अनुमान चुकीचे, असा हा प्रसंग मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत उद्बोधक प्रसंगांपैकी एक वाटतो.

आयुष्यभर जवळ बाळगलेली ही उणीव आपणास जाणवत नाही याची कारणे दोन. एका डोळ्याचा अंधबिंदू दुसऱ्या डोळ्याच्या दृष्टीत येतो, हे पहिले. आणि एकच डोळा उघडा असला तरी मेंदू सभोवतालच्या रंगरेषांवरून ती रिकामी जागा भरून काढतो, हे दुसरे. निरोगी माणसावर हा मोठाच उपकार आहे. परंतु रोगामुळे नवी अंधक्षेत्रे निर्माण होऊ लागली म्हणजे मेंदू तीही त्याच तत्परतेने झाकून टाकतो, आणि येथे उपकाराचा अपकार होतो.

काचबिंदूचे उदाहरण घेऊ. नेत्रगोलातील द्रवाचा निचरा मंदावला की आतील दाब वाढतो. पाऱ्याच्या मापाने दहा ते एकवीस मिलिमीटर हा सामान्यतः स्वाभाविक मानला जातो, पण काहींच्या दृक्‌चेतेस तेवढाही दाब सोसत नाही. तंतू एकेक करून मरतात, आणि अंधबिंदूपासून निघून केंद्राला वळसा घालीत नाकाच्या बाजूस जाणारे कमानीच्या आकाराचे अंधक्षेत्र तयार होते. कोपनहेगनचे नेत्रवैद्य यानिक बेरुम यांनी 1889 साली आपल्या तपासणीच्या खोलीचे दार हाच पडदा करून त्यावर लहानशी पांढरी खूण फिरवीत या कमानी रेखाटल्या. त्या भागास आजही त्यांचेच नाव आहे. ठणका नाही, लाली नाही, आणि केंद्र शाबूत असल्यामुळे सुईत दोरा ओवता येतो, सातबाऱ्यावरील बारीक अक्षरही वाचता येते. मग आपल्या नजरेविषयी शंका घेण्याचे त्या माणसाला कारण तरी काय? तो एवढेच सांगतो की हल्ली उंबरठ्याला ठेच लागते, किंवा बाजूने येणारी बंडी एकदम समोर आल्यासारखी वाटते. घरचे म्हणतात, वय झाले. तमिळनाडूतील ग्रामीण भागात झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांच्यापैकी शंभरांत नव्वदांहून अधिक लोकांना त्या दिवसापर्यंत आपल्या रोगाची खबरही नव्हती. आपल्या विदर्भातही नागपूरजवळच्या खेड्यांतील तीस वर्षांवरील 4711 लोकांच्या डोळ्यांची 2006 पासून पुढे तपशीलवार तपासणी झाली. रोग्याने आपण होऊन दवाखान्यात येण्याची वाट न पाहता वैद्यकानेच त्याला शोधून काढावे, हा या पाहणीतला विचार मला फार मोलाचा वाटतो.

गेलेले तंतू परत येत नाहीत. थेंबांनी, लेसरने वा शस्त्रक्रियेने दाब उतरवून उरलेले वाचवता येतात, इतकेच. म्हणून आई-वडिलांना अगर भावंडांना काचबिंदू असलेल्या प्रत्येकाने चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब, दृक्‌चेतेचा मुखभाग आणि दृष्टिक्षेत्र या तिन्हींची तपासणी करून घ्यावी. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून स्वतःच्या जबाबदारीवर थेंब आणून महिनोन् महिने घालीत राहण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तिचाही येथे निषेध केला पाहिजे. त्यांतील स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्यांचा दाब चढतो आणि काचबिंदू होतो.

दृष्टिक्षेत्राची तपासणी म्हणजे एक प्रकारची जमीन मोजणीच. भूमापक जसा बांधाबांधाने हद्दी कायम करून नकाशा उतरवतो, तसे यंत्राच्या घुमटात निरनिराळ्या ठिकाणी मंद ठिणग्या दाखवून, दिसताच रोग्याने कळ दाबावी अशा रीतीने, एकेका डोळ्याचा नकाशा तयार होतो. यंत्र वर्ध्याला किंवा सेवाग्राम-सावंगीच्या रुग्णालयात जाऊन मिळेल. पण ढोबळ परीक्षा गावातल्या आरोग्य उपकेंद्रातही होते. परीक्षकाने हातभर अंतरावर समोरासमोर बसावे, रोग्याने उजवा डोळा झाकला तर आपला डावा झाकावा, त्याला आपल्या उघड्या डोळ्याकडे पाहत राहण्यास सांगावे, आणि दोघांच्या मधोमध, बाहेरून आत, बोटे हलवीत आणावीत. स्वतःला बोटे दिसली आणि त्याला दिसली नाहीत, तर त्या बाजूस काही बिघडले आहे. अशी परीक्षा ठीक निघाली म्हणून काचबिंदू नाहीच, असे मात्र समजू नये.

अंधक्षेत्राच्या आकारावरून रोगाचे ठिकाणही कळते. वार्धक्यात पीतबिंदू झिजला की मधोमध डाग पडतो. समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, आणि चौकटीच्या कागदावरील सरळ रेघा वाकड्या भासतात. पीयूषिका ग्रंथीची गाठ दृक्‌चेतांच्या फुलीवर दाबली तर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू जातात. लकव्याने मेंदूचा मागचा भाग एका अंगाने निकामी झाला तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते, आणि असा मनुष्य कधी कधी ताटातले अर्धेच अन्न खाऊन उठतो. त्याने देवळीवरून यवतमाळकडे जाणाऱ्या महामार्गावर मोटारसायकल चालवणे हे त्याच्या व इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. अर्धशिशीतले नागमोडी चकाकते वलय मात्र अर्ध्या तासात बहुधा आपोआप निवळते.

उरला विषारी द्रव्यांचा वर्ग. मिथिल अल्कोहोलची भेसळ असलेली दारू एका रात्रीत आंधळे करते. पुष्कळ तंबाखू, दारू आणि निकस आहार एकत्र आले की मध्यभागाची दृष्टी हळूहळू खालावते, आणि आपल्याकडचे खर्ऱ्याचे व्यसन पाहता याची दखल घेणे अगत्याचे आहे. क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित दृक्‌चेतेस बाधते. देशात क्षयाची रोज घ्यावयाची उपचारपद्धती आल्यापासून ते सर्वसाधारण रुग्णास सहाही महिने दिले जाते. अशा रुग्णाने दर आठवड्यास एकेक डोळा झाकून दिनदर्शिकेवरील लाल तारखा पाहाव्यात. लाल फिका वाटला किंवा आकडा मधोमध पुसट झाला, तर गोळ्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध वेळीच बदलले तर पुष्कळांची दृष्टी काही महिन्यांत सुधारते.

(पुढील लेखांक : मधुमेह आणि दृष्टिपटल)