पिल्सेनचं पाणी

१८३८ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावच्या लोकांनी नगरभवनासमोर ३६ पिंपं बिअर रस्त्यावर ओतून दिली. नासकी बिअर पिऊन ते कंटाळले होते. मग बिअर गाळण्याचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या घरमालकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या तरुण ब्रुअरला बोलावलं. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला. त्यातून उतरलेली बिअर सोनेरी आणि नितळ होती. पिल्सनर म्हणतात ती हीच.

श्रेय ग्रोलला मिळतं, आणि ते रास्तच आहे. गारव्यात सावकाश आंबवायची बव्हेरियन रीत त्याला अवगत होती. मोड आलेली बार्ली इथे इंग्रजी पद्धतीने गरम हवेवर वाळवत, त्यामुळे दाण्याला धूर लागत नसे आणि माल्ट फिकट राहत असे. हॉप्स जवळच्याच झातेत्सचे. हॉप्सचं फूल तळहातावर चुरडलं की पिवळी चिकट पूड हाताला लागते. सगळा कडूपणा आणि वास त्या पुडीत. तासभर उकळलं तर कडूपणा उतरतो पण वास उडून जातो, म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटी घालतात. झातेत्सच्या हॉप्समध्ये कडूपणा बेताचा, वास मंद आणि वनौषधींसारखा.

तरीही माझ्या मते निम्मं काम पाण्याने केलं. जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं; बिअरही पाण्याच्या अशाच धाकात असते. पाण्यात कार्बोनेट जास्त असलं की माल्टचा लगदा पुरेसा आम्लधर्मी राहत नाही, टरफलातला तुरटपणा उतरतो आणि हॉप्सचा कडूपणा घशाला खरवडतो. भाजलेलं काळं माल्ट आम्लधर्मी असल्याने ही बाजू सावरून घेतं. डब्लिनची काळी स्टाउट आणि म्युनिकची तपकिरी बिअर तिथल्या पाण्याला मानवली ती यामुळेच. पिल्सेनच्या पाण्यात मात्र क्षार जवळजवळ नाहीतच. म्हणून फिकट माल्ट आणि भरपूर हॉप्स असूनही बिअर जिभेला मऊ लागते.

इंग्लंडातल्या बर्टनची तऱ्हा उलटी. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं. त्यातलं सल्फेट हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि ठसठशीत करतं. १८२० च्या दशकात बर्टनच्या ब्रुअर्सनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी फिकट, कडवट एल बिअर बनवायला घेतली. मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी पिंपं जहाजांवर चढू लागली. हॉप्समुळे जिवाणूंची वाढही रोखली जायची, लांबच्या प्रवासात ते उपयोगी पडे. पुढे इतर गावचे ब्रुअर आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले.

यीस्टचाही वाटा मोठा आहे. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो निव्वळ यीस्टमुळे. बव्हेरियाच्या १५१६ च्या कायद्यात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्ट सजीव असतं, हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता आरओने पाण्यातले क्षार काढून हवे ते मोजून घालता येतात, त्यामुळे पिल्सनर पुण्यातही बनवता येते. बिअरच्या मेनूकार्डावर हॉप्सचं नाव दिसतं, माल्टचंही कधीकधी. पाण्यात काय घातलंय, हेही तिथे छापायला हवं.