अवेळी आलेला पांढरा पाहुणा



आकाशातून मोठा पांढरा पक्षी चालला की आपण लगेच म्हणतो, "बगळा चालला." पण दरवेळी तो बगळाच असतो असे नाही. उडता पक्षी कसा ओळखायचा ते मी या लेखात सांगणार आहे. त्यात आमच्या घरच्या पेरणीची गोष्ट पण आहे.

यंदा शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. मृग नक्षत्र चालू होते. एक सर पडून गेली होती, पण पुन्हा कडक ऊन पडले होते. मधल्या सुट्टीत आम्ही खिचडी खात होतो. तेवढ्यात पाझर तलावाच्या अंगाला तीन मोठे पांढरे पक्षी घिरट्या घालताना दिसले. पंख अजिबात हलवत नव्हते. एकजण म्हणाला बगळे. एकजण म्हणाला गिधाडे. एकजण तर म्हणाला हंस! लई गलका झाला.

गुरुजी बाहेर आले. ते म्हणाले, "आधी नाव सांगू नका. डोळ्यांना काय दिसतं तेवढंच सांगा. नाव शेवटी." मग आम्ही एकेक गोष्ट बघत गेलो. ती अशी.

१) मान. बगळा उडताना मान आखडून घेतो, गळ्याशी घडी घातल्यासारखी. या पक्ष्यांची मान काठीसारखी पुढे ताणलेली होती. म्हणून बगळा गेला.

२) पाय. पांढरे गिधाड पण पांढरे-काळे दिसते. पण गिधाडाचे पाय शेपटीच्या मागे लोंबत नाहीत. यांचे लांब लाल पाय मागे सरळ गेले होते. म्हणून गिधाड पण गेले.

३) उडण्याची तऱ्हा. रोहित पक्ष्याची मान आणि पाय दोन्ही ताणलेले असतात. हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणला रोहित येतात. पण रोहित सारखे पंख मारत उडतो आणि त्याच्या पंखावर गुलाबी रंग असतो. आमचे पक्षी पंख पसरून नुसते तरंगत होते. दुपारी जमीन तापते, गरम हवा वर चढते. त्या हवेवर बसून ते गोल गोल वर जातात. त्यामुळे पंख मारण्याचे श्रम वाचतात. करकोचे असेच उडतात.

म्हणजे करकोचा हे ठरले. पण करकोचे पण पुष्कळ प्रकारचे असतात! आपल्याकडे मुग्धबलाक असतो. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमध्ये फट असते. चित्रबलाक असतो, त्याची चोच पिवळी आणि छातीवर काळा पट्टा. आणि एक पांढरा करकोचा असतो, त्याची चोच लाल.

४) पंख. अंग पांढरे आणि पंखाची मागची कड काळी. पण मुग्धबलाकाचे पंख पण असेच असतात. इथे आम्ही अडकलो. एवढ्या उंचावर चोचीतली फट कशी दिसणार?

५) शेपटी. गुरुजींनी विचारले, "शेपटी कोणत्या रंगाची?" कोणीच पाहिली नव्हती. मी मैदानात सरळ उताणी झोपले. माझी मैत्रीण म्हणाली काळी, मी म्हणाले पांढरी. मग पक्षी वळले, त्यांच्यावर ऊन पडले आणि सगळ्यांनी परत बघितले. शेपटी पांढरीशुभ्र होती. मुग्धबलाकाची आणि चित्रबलाकाची शेपटी काळी असते. पांढऱ्या करकोच्याचीच पांढरी असते.

थोड्या वेळाने पक्षी खूप उंच गेले आणि दिसेनासे झाले.

वर्गात गुरुजींनी कपाटातले पक्ष्यांचे पुस्तक काढले. चित्र बरोबर जुळले. पण एक अडचण निघाली. पांढरा करकोचा आपल्याकडे हिवाळ्यातला पाहुणा आहे. तो मार्च-एप्रिलपर्यंत परत जातो. त्याची घरटी आपल्या देशात नसतात, ती युरोपात आणि मध्य आशियात असतात. मग जून महिन्यात तो इथे काय करत होता?

गुरुजी म्हणाले, "अवेळी आलेला पक्षी दिसला तर पुरावा दोनदा तपासायचा. ऋतू जुळत नसेल तर बहुतेक वेळा आपलीच चूक असते." म्हणून आम्ही सगळ्यांनी पुन्हा मान, पाय, उडणे, पंख, शेपटी सांगितले. प्रत्येकाने आपापल्या पाटीवर चित्र काढले. एकमेकांचे बघायचे नाही असे ठरले होते. शेपटी कोणीच काळी केली नाही, माझ्या मैत्रिणीने पण नाही.

मग कारण असे असू शकते. पांढरा करकोचा साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर घरटे करतो. त्याआधी त्याला मायदेशी जायची घाई नसते. म्हणून काही तरुण पक्षी उन्हाळाभर दक्षिणेकडेच राहतात. एखादा पक्षी जखमी झाला तर तो पण मागे राहतो.

हे पक्षी किती लांब जातात ते पण ऐका. पूर्वी युरोपातल्या लोकांना हिवाळ्यात करकोचे कुठे जातात ते माहीत नव्हते. १८२२ साली जर्मनीत क्लुट्झ गावाजवळ एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा बाण घुसलेला होता! बाणाचे लाकूड आफ्रिकेतले होते. म्हणजे तो बिचारा मानेत बाण घेऊन आफ्रिकेतून उडत आला होता. तेव्हा लोकांना कळले की करकोचे हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. तो पक्षी पेंढा भरून रॉस्टॉक शहराच्या विद्यापीठात ठेवला आहे. पुढे पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात झाली. जर्मनीत कडे घातलेला एक करकोचा आपल्या राजस्थानात बिकानेरला सापडला.

आता पेरणीची गोष्ट.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेले तर ओट्यावर बियाण्याची पिशवी काढून ठेवलेली. बाजरी आणि तूर. बी उधारीवर आणले होते. आमच्या आबांनी पण ती तीन पाखरे मळ्यातून पाहिली होती. आबा अण्णांना सांगत होते, "तलावावर मोठी पांढरी पाखरं फिरायला लागली म्हंजे तीन दिसांत पाऊस. उद्या चाड्यावर मूठ धरायला हरकत न्हाई."

मला बोलावे की नको कळेना. आबांना शेतीचे सगळे कळते. पावशा 'पेरते व्हा' ओरडायला लागला की पावसाळा जवळ आला, हे मला आबांनीच शिकवले. चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून येतो, ते पुस्तकात पण आहे. म्हणजे आबांचे खोटे नसते. पण मी भीत भीत विचारले, "आबा, मागं पावसाच्या टायमाला यायची ती पाखरं काय खायची?"

आबा म्हणाले, "गोगलगाई. चोचीत फट असलेली पाखरं ती."

मी म्हणाले, "मग ती मुग्धबलाक. ती पाऊसपाणी बघून फिरतात. आजची पाखरं दुसरी होती. त्यांची शेपटी पांढरी होती. ती थंडीत येणारी हायेत, मागं राहिलेली. त्यांचा पावसाशी संबंध न्हाई."

अण्णा हसले. म्हणाले, "आता शेपटी बघून पेरायचं का?" पण आबा हसले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले. मग खुरपे घेऊन अंधारातच रानात गेले. मी बॅटरी धरली. आबांनी तीन ठिकाणी उकरले. ओल चार बोटेच होती, खाली सगळी कोरडी धूळ. आबा म्हणाले, "पिशवी आत ठिवा."

कृषी खाते पण सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. गुरुजींनी ते फळ्यावर लिहून दिले आणि मी घरी वाचून दाखवले.

पाऊस तीन दिवसांत आला नाही. नऊ दिवसांनी आला. तेव्हा आम्ही पेरले. आमच्या शेजारच्या रानात आधी पेरले होते, तिथले बी उगवून करपले आणि त्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्यांचे बी आणि कष्ट वाया गेले, त्याचे मला वाईट वाटले. माझ्यामुळे पाऊस उशिरा आला असे नाही हो! पक्ष्यांवरून पावसाळा जवळ आला हे कळते, पण पावसाचा दिवस कळत नाही. आणि आधी तो पक्षी कोणता हे तरी नीट ओळखले पाहिजे. जमिनीची ओल मात्र खुरप्यानेच बघावी.

मित्रांनो, आता तुम्ही हे करा. उडता पक्षी दिसला तर मान, पाय, उडणे, पंख आणि शेपटी या पाच गोष्टी बघा. नाव शेवटी सांगा. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. गोफण किंवा बेचकी मारू नका, तो एवढ्या लांबून आलेला पाहुणा असतो. या भित्तिपत्रकाखाली दोऱ्याने एक वही बांधली आहे. पालकांनी पण आपण पाहिलेले पक्षी त्या वहीत लिहावेत. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहीन. पहिली नोंद आबांनी सांगितली आहे: "तीन पांढरे करकोचे, पाझर तलाव, मृग नक्षत्र. शेपटी पांढरी."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी